‘प्रकृती’चे इंग्रजी करताना : एक विचार



आपणां प्रत्येकाच्या रुग्णपत्रकावर ‘प्रकृती’ असा एक रकाना असतो. त्यात ‘वातपित्त’ किंवा ‘पित्तकफ’ असे लिहून आपण पुढे सरकतो. मात्र तोच रुग्ण पुढील तपासणीसाठी नागपूरला पाठवावयाचा असला किंवा त्याचा विम्याचा कागद भरावयाचा असला, की हा रकाना इंग्रजीतून लिहावा लागतो आणि लेखणी अडखळते. कोणी ‘नेचर’ लिहितो, कोणी ‘कॉन्स्टिट्यूशन’, कोणी ‘बॉडी टाइप’. औषधनिर्माते बंधूंची अडचण याहून निराळी नाही. वेष्टनावर द्रव्याचा स्वभाव इंग्रजीत सांगावयाचा, तर ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ या दोन शब्दांपलीकडे हात पोचत नाही. हा प्रश्न निव्वळ भाषेचा आहे, त्यात वैद्याने फार अडकून पडू नये, असे आम्हांसही पुष्कळ वर्षे वाटत होते. एका प्रसंगाने आमचा तो समज दूर केला. तो प्रसंग आमच्याच चुकीचा आहे, म्हणून प्रथम तोच सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातील एका गावाहून एक आई आपल्या उपवर मुलीस घेऊन आमच्या चिकित्सालयात आली. मुलीची तक्रार किरकोळ अम्लपित्ताची होती. परंतु आईच्या हाती एक इंग्रजी अहवाल होता. एका शिबिरात मुलीचे रक्त तपासले गेले होते आणि अहवालावर ‘सिकल सेल ट्रेट’ असे छापलेले होते. ‘‘यात काय लिहिलं आहे जी?’’ असे त्या माउलीने विचारले. बाहेर रुग्णांची रांग लागली होती. आम्ही घाईने उत्तर दिले, ‘‘घाबरू नका. ते तिच्या प्रकृतीतच आहे, जन्मापासूनचे आहे.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे पोरीची तब्येत जनमभर अशीच राहील का जी?’’ आम्ही म्हणालो, ‘‘जन्मभर राहील, पण त्रास काही नाही.’’ यातील ‘जन्मभर’ तेवढे घरी पोचले. ‘त्रास नाही’ हे वाटेतच गळून पडले. मुलाकडच्यांनी विचारले तेव्हा त्या प्रामाणिक बाईने, डॉक्टर साहेबांनी जन्माची बिमारी सांगितली आहे, असे खरे खरे सांगून टाकले. सोयरीक मोडली. आम्हांस हे कळले तेव्हा आम्ही स्वतः जाऊन दोन्ही घरी समजूत घातली. परंतु तोवर त्या मुलाचे लग्न दुसरीकडे ठरून गेले होते.

वस्तुस्थिती काय होती? गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या आपल्या पूर्व विदर्भात सिकल सेल ही नित्याची बाब आहे. रक्तरंजकाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते, एवढाच मूळ फरक. हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तर व्याधी होते. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याचा संभव चारांत एक असतो. दोघांपैकी एकजण या जनुकापासून मुक्त असेल आणि दुसरा केवळ वाहक असेल, तर अपत्यास हा व्याधी होत नाही. म्हणजे त्या माउलीस एकच वाक्य सांगावयास हवे होते : ‘‘मुलगी निरोगी आहे, लग्नापूर्वी मुलाचे रक्त तेवढे तपासून घ्या.’’ ते वाक्य आम्ही उच्चारले नाही. त्याऐवजी आम्ही ‘प्रकृती’ हा शब्द उच्चारला.

हा शब्द इतका घातक का ठरला, याचा पुढे आम्ही पुष्कळ विचार केला. शास्त्रात प्रकृती म्हणजे गर्भाधानसमयी सिद्ध झालेली दोषांची स्थिती. परंतु मराठी घरात ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारतात तेव्हा आरोग्याची चौकशी अभिप्रेत असते. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ हा शब्दप्रयोग तर रजेच्या प्रत्येक अर्जात आढळतो. ‘तब्येत’ या शब्दाचेही असेच झाले. अरबीत त्याचा मूळ अर्थ जन्मस्वभाव. मराठीत आला तो आरोग्य आणि अंगकाठी असा अर्थ घेऊन. स्वभाव सांगणारे दोन्ही शब्द आपल्या बोलीत आरोग्याच्या खुंटीला बांधले गेले आहेत. त्यामुळे वैद्य ‘प्रकृतीत आहे’ असे म्हणतो, तेव्हा रुग्ण ‘तब्येतीत बिघाड आहे’ असे ऐकतो. मध्ये इंग्रजी अहवाल आला की गोंधळ तिप्पट होतो.

म्हणून इंग्रजी भाषा माणसाच्या व वस्तूच्या उपजत कलाविषयी कसे बोलते, हे एकदा स्वस्थपणे पाहणे आवश्यक आहे. तिच्याजवळ या अर्थाचे शब्द थोडेथोडके नाहीत आणि ते एकमेकांचे पर्यायही नाहीत. स्थूलमानाने त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग जन्माचा. ‘नेचर’ हा शब्द लॅटिनमधील जन्मवाचक धातूवरून आला. ‘इनेट’ही तसाच, आणि ‘इनबॉर्न’ हाही जन्माच्याच अर्थाचा. दुसरा वर्ग मिश्रणाचा. ‘टेंपरामेंट’ म्हणजे योग्य प्रमाणात केलेले मिश्रण. रक्त, कफ, पीतपित्त आणि कृष्णपित्त या चार द्रवांच्या मिश्रणावरून माणसाची जडणघडण ठरते, हा दुसऱ्या शतकातील गेलनचा विचार त्यामागे आहे. युनानी वैद्यकातील ‘मिजाज’ या शब्दाचा मूळ अर्थही मिश्रण हाच. युरोपच्या वैद्यकातून तो द्रवसिद्धांत गेला, पण शब्द उरले आणि त्यांचा मुक्काम शरीरातून मनात हलला. आज ‘फ्लेग्मॅटिक’ म्हटले की इंग्रजी वाचक थंड स्वभावाचा माणूस समजतो, कफाचा विचारही त्याच्या मनात येत नाही. कफप्रकृतीसाठी हा शब्द योजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. याच वर्गात ‘इडिओसिंक्रसी’ हा शब्द बसतो. ग्रीकमध्ये त्याचा अवयवार्थ ‘स्वतःचे वेगळे मिश्रण’ असा आहे. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात जाति, कुल, देश, काल, वय यांना अनुसरणाऱ्या प्रकृती सांगून शेवटी प्रत्यात्मनियत प्रकृती सांगितली, तिच्या इतका जवळ जाणारा दुसरा इंग्रजी शब्द आमच्या पाहण्यात नाही.

तिसरा वर्ग रचनेचा. ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि ‘डिस्पोझिशन’ हे त्यातील शब्द. ‘डायथेसिस’ हा ग्रीक शब्दही मूळ मांडणीच्याच अर्थाचा. चौथा वर्ग उताराचा, आणि तो सर्वांत मोठा. ‘इन्क्लिनेशन’ म्हणजे कलणे, ‘प्रोक्लिव्हिटी’ म्हणजे पुढे उतार असणे, ‘प्रोपेन्सिटी’ म्हणजे पुढे लोंबणे, ‘प्रोन’ म्हणजे पुढे झुकलेला. इंग्रजी माणूस उपजत प्रवृत्तीची कल्पना करतो ती बहुधा उतरणीच्या रूपाने.

हे चित्र आपल्यालाही परके नाही. संस्कृतातील ‘प्रवण’ या शब्दाचा मूळ अर्थ उतरता, एका बाजूस कललेला असाच आहे. साकोलीकडून देवरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यांवर ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी असते. ती वाचून कोणी गाडी परत फिरवीत नाही, आणि येथे आपला अपघात झालाच असे समजून रडतही बसत नाही. वेग कमी करतो आणि पुढे जातो. आमच्या मते जन्मजात कल रुग्णास सांगण्याची रीत हीच असावी. पित्तप्रकृती हा रोग नव्हे. पित्तविकारांकडे असलेला तो उतार आहे. सिकल सेलचे वाहक असणे हाही रोग नव्हे. ‘ट्रेट’ या शब्दाचा मूळ अर्थ ओढलेली रेघ, त्यावरून चेहऱ्याची ठेवण आणि पुढे विशेष लक्षण असा आहे. वाहकत्व म्हणजे एक रेघ. ती पुढील पिढीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या मुलीच्या संसाराच्या आड येणारी नाही. शिवाय हीच रेघ तीव्र स्वरूपाच्या फाल्सिपेरम हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते, हेही आता सिद्ध आहे. हिवतापाच्या प्रदेशात ती टिकून राहिली, ती यामुळेच. एकाच जन्मजात विशेषास एका बाजूने दोष आणि दुसऱ्या बाजूने गुण म्हणावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास जिल्ह्याबाहेर जावयास नको.

सुश्रुताचार्यांनी तर प्रकृती आणि व्याधी यांची सीमा स्पष्ट आखून ठेवली आहे. विषात जन्मलेल्या कीटकास जसे ते विष बाधत नाही, तशी प्रकृती मनुष्यास बाधत नाही, असा त्यांचा दृष्टांत आहे. आणि जे खरोखरीच व्याधी आहेत त्यांचेही त्यांनी शुक्रशोणितातून येणारे ते आदिबलप्रवृत्त आणि गर्भावस्थेतील कारणांनी येणारे ते जन्मबलप्रवृत्त असे भेद केले. भूक, तहान, जरा, मृत्यू, निद्रा यांसाठी स्वभावबलप्रवृत्त असा वेगळा वर्ग केला. इंग्रजीतील ‘हेरेडिटरी’, ‘कंजेनिटल’ आणि ‘नॅचरल’ हे तीन शब्द या तीन वर्गांच्या बरेच जवळ जातात. आपण मात्र तिन्हींसाठी ‘जन्मजात’ हा एकच शब्द वापरतो आणि मग रुग्णाचा गोंधळ होतो म्हणून त्याच्यावर रागावतो.

आता द्रव्यांकडे वळू. इंग्रजीची एक गोष्ट कौतुकाची आहे. ती माणसासाठी व वस्तूसाठी पुष्कळदा एकच शब्द योजते. पोलादाला पाणी देणे यास ती ‘टेंपर’ म्हणते आणि माणसाच्या रागालाही ‘टेंपर’च म्हणते. उडून जाणाऱ्या तेलास ‘व्होलाटाइल’ म्हणते आणि क्षणात भडकणाऱ्या माणसासही. आपल्या शास्त्रानेही हेच केले आहे. चरकाच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत, त्यांतील पहिले ‘प्रकृती’ हेच. तेथे तिचा अर्थ द्रव्याचा स्वभाव. उडीद गुरू, मूग लघू, ही त्याची उदाहरणे. त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायात रुग्णाच्या दशविध परीक्षेचा आरंभही प्रकृतीनेच होतो. माणसाची प्रकृती आणि द्रव्याची प्रकृती समोरासमोर ठेवणे, हीच आपली चिकित्सा होय.

परंतु आठ आयतनांतील दुसरे ‘करण’ हे आहे, याकडे दुर्लक्ष होते. करण म्हणजे संस्कार. द्रव्याचा उपजत स्वभाव संस्काराने पालटता येतो, हे आपल्या भातगिरण्यांच्या जिल्ह्यास शिकविण्याची गरज नाही. एकाच धानाचे पोहे केले तर गुरू आणि लाह्या केल्या तर लघू. नवा तांदूळ जड, जुना हलका. इंग्रजीतील ‘बाय नेचर’ हा शब्दप्रयोग मात्र दार बंद करून घेतो. एखादी वस्तू ‘बाय नेचर’ विषारी म्हटली की तिथे विषय संपला. बिब्बा घ्या. आपल्या जंगलातला हा नित्याचा वृक्ष. त्याच्या फळाचा दाहकपणा उपजत आहे, हे खरे. म्हणूनच औषधी कायद्याच्या अनुसूची ‘ई-1’मध्ये त्याचा समावेश आहे आणि तो असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना इंग्रजीत व हिंदीत छापणे नियम 161 प्रमाणे बंधनकारक आहे. पण शोधनानंतर तोच कफवाताच्या विकारांत मोलाचे औषध ठरतो. आणि शोधित बिब्बाही काहींच्या अंगावर उठतोच. ती त्या व्यक्तीची प्रत्यात्मनियत प्रकृती, औषधनिर्मात्याचा दोष नव्हे. द्रव्याचा स्वभाव, त्यावरील संस्कार आणि घेणाऱ्याची प्रकृती या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वेष्टनावर केवळ ‘हॉट’ छापून यांतील एकही सांगितली जात नाही. इंग्रजी वाचक ‘हॉट’ म्हणजे तिखट किंवा तापवलेले समजतो. वीर्य त्याच्या ध्यानीमनीही नसते.

कोणी म्हणेल, इतकी शब्दांची चिकित्सा कशाला? त्याचे उत्तर इतिहासात आहे. उपजत प्रवृत्तीची भाषा बेफिकिरीने वापरली की माणसे चिरडली जातात. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1874 साली ‘नेचर’ आणि ‘नर्चर’ ही जोडी आपल्या ग्रंथाच्या नावातच घातली आणि 1883 साली सुप्रजननशास्त्रास ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. त्या विचाराच्या नावाखाली पुढे कित्येक देशांत हजारो लोकांचे बळजबरीने निर्बीजीकरण झाले. आपल्या देशात 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा रद्द होऊन त्या जमाती 1952 साली विमुक्त झाल्या. परंतु शिक्का अजूनही पुसलेला नाही, हे विदर्भात राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. उलट बाजूस आर्चिबाल्ड गॅरड यांचे उदाहरण पाहा. 1902 साली त्यांनी अल्काप्टोनुरिया या विकाराचा अभ्यास करताना प्रत्येक मनुष्याचे रासायनिक वेगळेपण असते असा विचार मांडला आणि 1931 साली रोगातील जन्मजात घटकांवर पुस्तक लिहून ‘डायथेसिस’ या जुन्या कल्पनेस नवा अर्थ दिला. भाषा तीच, विषयही तोच. गाल्टन यांनी तिने माणसांची प्रतवारी केली. गॅरड यांनी रुग्ण समजून घेतला.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदातील संज्ञांचा प्रमाण कोश सिद्ध केला. 10 जानेवारी 2024 रोजी आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या रोगसंज्ञांचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील विभाग दिल्लीत प्रकाशित झाला. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरपासून महिनाभर देशव्यापी प्रकृतिपरीक्षण अभियान चालले आणि एक कोटीहून अधिक नागरिकांची प्रकृती नोंदली गेली. आपल्यापैकी अनेकांनी त्यात परिश्रम केले. योगायोग असा, की तो दिवस संविधान दिनाचा होता आणि इंग्रजीत संविधान व प्रकृती या दोहोंना ‘कॉन्स्टिट्यूशन’ हा एकच शब्द आहे. भेद एवढाच, की राज्यघटनेची दुरुस्ती होऊ शकते. प्रकृती मात्र आयुष्यभर पालटत नाही, असे सुश्रुतमत आहे. दुसरीकडे 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. म्हणजे एकाच घरात एका हाती भ्रमणध्वनीवरील प्रकृतीचा निष्कर्ष आणि दुसऱ्या हाती रक्ताचा अहवाल, दोन्ही ‘जन्मापासूनचे’ सांगणारे, अशी स्थिती आली आहे. या दोहोंचा अर्थ विचारावयास ते घर आपल्याच दारी येणार आहे.

यास्तव आमच्या चार नम्र सूचना आहेत. पहिली, ‘प्रकृती’ या शब्दाचे इंग्रजी करूच नये. ‘योग’ हा शब्द जसाच्या तसा जगभर गेला, तसा हाही जाऊ द्यावा आणि त्यासोबत एका ओळीत अर्थ लिहावा. दुसरी, रुग्णपत्रकावर प्रकृती आणि विकृती हे रकाने वेगळे असावेत व दोन्ही भरले जावेत. आजची विकृती प्रकृतीच्या रकान्यात जाणे ही आपली सर्वांत मोठी चूक आहे. तिसरी, रुग्णाशी बोलताना ‘प्रकृतीत दोष आहे’ हे वाक्य वर्ज्य करावे. ‘तुमचा कल अमुक विकाराकडे आहे, म्हणून अमुक सांभाळा’ असे म्हणावे आणि रुग्णास काय समजले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणारी घरे आहेत; एकच शब्द प्रत्येक घरी एकाच अर्थाने पोचतो, असे गृहीत धरू नये. चौथी सूचना औषधनिर्मात्यांसाठी : वेष्टनावर ‘हॉट’ अथवा ‘कोल्ड’ यांऐवजी ‘उष्णवीर्य’, ‘शीतवीर्य’ हे शब्द ठेवून त्यांखाली कोणी जपून घ्यावे हे सोप्या भाषेत लिहावे. त्यासाठी कोणत्याही नव्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. ते निराशेने म्हटले जाते. आम्हांस मात्र त्यात एक वैद्यकीय सत्य दिसते : जो स्वभाव आहे त्याला औषध लागतच नाही; औषध लागते ते विकाराला. त्या मुलीस औषधाची गरज नव्हती. तिला गरज होती नेमक्या शब्दाची, आणि तो देणे आमचे काम होते. पुढे तिचे लग्न झाले, मुलाचे रक्त तपासून झाले, आणि ती आज आपल्या संसारात सुखी आहे, हे आमचे भाग्य. आमच्या चुकीने कोणाचे अधिक नुकसान झाले नाही, एवढ्यावर समाधान मानण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही.

आपण आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयात उपजत कलाविषयी रुग्णाशी कोणत्या शब्दांत बोलता, कोणते शब्द फसले आणि कोणते पोचले, हे संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावे. विशेषतः पोवारी व गोंडी घरांत चालणारे शब्द कळविल्यास आपल्या सर्वांच्या उपयोगी पडतील.